कडेला बसलेली माणसे

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात वरच्या खणात एखादा जुना डिजिटल कॅमेरा पडून असेल. चार्जर कुठे गेला ते कोणाला ठाऊक नाही, टाकून देववत नाही आणि वापर तर होत नाही. माझा मात्र अजून चालतो. कॅननचा पॉवरशॉट जी-९. हा कॅमेरा २००७ साली बाजारात आला आणि पुढच्याच वर्षी मी निवृत्त झालो, तेव्हा मुलाने तो मला भेट दिला. त्याचे भिंग अंगचेच आहे, काढून दुसरे लावता येत नाही. झूम भरपूर, दूरच्या झाडावरचा खंड्या सहज टिपतो. पण जवळचे, रुंद असे काही टिपायचे म्हटले की त्याचे हात अपुरे पडतात. भिंग अगदी मागे नेले तरी जेवढ्या अंतरावर उभे राहावे जवळजवळ तेवढीच रुंदी चौकटीत येते. आठ फुटांवरून आठ फूट. मैदानात असताना चार पावले मागे सरकता येते. घरात पाठीमागे भिंत असते.

या भिंतीशी माझी गाठ पडली ती अक्काच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला जिने चढवत नाहीत, आमचे घर तळमजल्यावर, म्हणून समारंभ आमच्याकडे ठरला. दिवाणखाना दहा फूट रुंद आणि चौदा फूट लांब. माणसे सतरा. सगळ्यांचे मिळून एकच छायाचित्र हवे, आणि ते तूच काढायचेस, असा अक्काचा हुकूम. समोरची रांग भिंतीलगत बसवली आणि मी पलीकडच्या भिंतीला पाठ लावली, तरी मधले सामान आणि खुर्च्या धरून माझ्या हाती जेमतेम आठ फूट अंतर उरत होते. म्हणजे दोन्ही कडांची दोन-दोन माणसे बाहेर.

कडेची माणसे बाहेर राहणे हा तोवर माझ्या आयुष्याचाच विषय झालेला होता. त्याबद्दल आधी सांगितले पाहिजे, नाहीतर एका भिंगासाठी म्हाताऱ्याने एवढी यातायात का केली, हे आपल्याला कळायचे नाही.

मला काचबिंदू आहे. तो पहिल्यांदा लक्षात आला तेव्हा मी केवळ चष्म्याचा नंबर काढायला गेलो होतो. डोळ्यातला दाब साधारणपणे १० ते २१ इतका धरतात. माझा २८ होता. डॉक्टरांनी रोज रात्री घालायचे थेंब लिहून दिले. मी ते चार महिने घातले. दुखत नव्हते, लाली नव्हती, वर्तमानपत्र पूर्वीसारखेच वाचता येत होते. थेंबांनी काही फरक पडत नाही असा मी माझ्यापुरता निष्कर्ष काढला आणि ते बंद केले. घरी कोणाला सांगितले नाही. सौभाग्यवतींना वाटे, मी खोलीत जाऊन थेंब घालतो. मी खोलीत जाऊन रेडिओ लावत असे. हा लपंडाव दोन वर्षांहून अधिक काळ चालला. माझ्या वडिलांनाही शेवटच्या वर्षांत दिसेनासे झाले होते आणि आम्ही सगळ्यांनी त्याला म्हातारपण असे नाव देऊन विषय मिटवला होता. तो काचबिंदूच असावा, असे आज वाटते; पण विचारायला आता ते नाहीत.

काचबिंदूची लबाडी अशी की तो बहुधा मधली नजर शेवटपर्यंत शाबूत ठेवतो आणि कडा आधी खातो. मी सुईत दोरा ओवू शकत होतो, पंचांगातले बारीक अक्षर वाचू शकत होतो, आणि त्याच वेळी पायाजवळचा चौरंग मला दिसत नव्हता. घरच्यांना हे कोडे सुटेना. "अहो, बघून चाला ना!" हे वाक्य आमच्या घरात दिवसातून दहा वेळा उमटत असे. त्यात राग नव्हता, काळजीच होती. तरी ऐकणाऱ्याला ते लागते. ज्याला कोपऱ्यावरचा तांब्या दिसत नाही, पण तांब्यावरचे नाव वाचता येते, त्याला लोक वेंधळा म्हणतात. मीही स्वतःला वेंधळाच समजत होतो.

मग एके संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर येताना माझी धाकटी नात, तेव्हा तीन वर्षांची, डाव्या बाजूने धावत आली. मला ती दिसलीच नाही. माझा गुडघा तिला लागला, ती दाराच्या चौकटीवर आपटली आणि भुवईवर दोन टाके पडले. ती दुसऱ्या दिवशी विसरली. त्यानंतर मात्र ती जवळ आली की मी बसून राहत असे. तिला उचलून घेणे मी सोडले. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो आणि थेंबांविषयी खरे ते सांगितले. तपासणीअंती कळले की गेलेली नजर परत येणार नाही. राहिलेली राखता येईल.

हे सगळे मनात घेऊन मी अक्काच्या छायाचित्रासाठी मुंबईला फोर्टमधल्या बोरा बाजारात गेलो. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे बसवायचे एक जोडभिंग मिळते, त्याला वाइड कन्व्हर्टर म्हणतात. मूळ भिंग तसेच राहते, हे त्याच्या पुढे चष्म्यासारखे चढते आणि चौकट रुंद करते. मात्र ते थेट चढवता येत नाही. असा कॅमेरा सुरू केला की त्याचे भिंग पोटातून पुढे सरकते, आणि त्या सरकत्या नळकांड्यावर काचेचे वजन टाकले तर आतली नाजूक यंत्रणा बिघडते. म्हणून मध्ये एक पोकळ नळी लागते, तिला ॲडॅप्टर म्हणतात. जी-९ला भिंगाभोवती एक कडे असते. बाजूचे बटण दाबून ते फिरवले की निघते आणि तिथे नळी बसते. वजन सगळे कॅमेऱ्याच्या धडावर येते. नळीच्या पुढच्या तोंडाला ५८ मिलिमीटरचे आटे असतात आणि त्यांवर कन्व्हर्टर फिरवून बसवायचा.

दुकानदाराने नळी दिली आणि तिच्यासोबत एक स्वस्तातला कन्व्हर्टरही गळ्यात मारला. त्याचे आटे ५२चे होते, म्हणून मध्ये एक कमी मापाची रिंग जोडून दिली. "काका, हा ०.४५चा आहे, यात जास्त मावतं," असे त्याने सांगितले आणि मी विश्वास ठेवला. घरी येऊन पाहतो तर चित्राचे चारही कोपरे काळे, आणि कडेची अक्षरे पाण्यात भिजल्यासारखी फुटलेली. कारण साधे होते. नजर रुंद केली, पण तोंड अरुंद ठेवले, त्यामुळे कॅमेऱ्याला समोरच्या दृश्यासोबत नळीची आणि रिंगची आतली कडही दिसू लागली.

ते चित्र संगणकावर पाहून माझी सून क्षणभर गप्प झाली आणि तिने हळूच विचारले, "बाबा, तुम्हाला असंच दिसतं का हो?"

मी नाही म्हणालो. आणि नाही म्हणताना मला पहिल्यांदा स्वतःलाही नीट उमगले की मला काळे असे काहीच दिसत नाही. काचबिंदूची माहिती देणाऱ्या फलकांवर मध्ये उजेडाचे वर्तुळ आणि भोवती काळा बोगदा दाखवतात. दवाखान्यात फील्ड टेस्ट करतात तेव्हा पांढऱ्या घुमटासमोर हनुवटी टेकवून बसायचे असते आणि बारीक दिवा दिसला की बटण दाबायचे असते. तिच्या अहवालातही न दिसलेला भाग काळाच छापलेला असतो. आपणही त्या काळ्या रंगाची वाट पाहत बसतो, आणि तो दिसत नाही म्हणून निर्धास्त राहतो. प्रत्यक्षात पुष्कळांना तिथे काही काळे दिसत नाही. काही धूसर वाटले तर वाटते, नाहीतर उणीव जाणवतच नाही. मेंदू आजूबाजूचा रंग पसरवून भोक बुजवतो. भिंत असेल तर भिंत, फरशी असेल तर फरशी. त्या फरशीवर नात उभी असते, एवढेच.

यावर विश्वास बसत नसेल तर आपण घरी एक प्रयोग करून पाहा. तो निरोगी डोळ्यालाही लागू आहे, कारण डोळ्याची नस जिथून बाहेर पडते तिथे प्रत्येकालाच एक आंधळा ठिपका असतो. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्यापासून चार इंच उजवीकडे वाटाण्याएवढे टिंब. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत कागद हळूहळू जवळ आणा. साधारण सव्वा फुटावर टिंब नाहीसे होईल. तिथे काळे भोक पडणार नाही. कोरा पांढरा कागद दिसेल. सुनेला मी हा प्रयोग करायला लावला. कागद हातात धरून ती बराच वेळ बसली आणि म्हणाली, "म्हणजे तुम्हाला कळतच नसणार." त्या दिवसापासून आमच्या घरात पुष्कळ गोष्टी सोप्या झाल्या.

स्वस्त कन्व्हर्टर अडगळीत गेला. मुलाने शोधून या कॅमेऱ्यासाठीच बनवलेला, ०.७५चा कन्व्हर्टर जुना म्हणून मिळवला. तो हातात घेतला की नदीतल्या गोट्यासारखा जड लागतो. आकडा ०.४५पेक्षा मोठा, म्हणजे रुंदी कमी. पण जे दाखवतो ते कडेपर्यंत स्वच्छ दाखवतो. आठ फुटांवरून आठ फुटांऐवजी साडेदहा फूट चौकटीत येतात. आमचा दिवाणखाना दहाचा. अर्धा फूट खर्चून उरला, म्हणा ना.

त्याचेही नखरे आहेत. झूम अगदी रुंद टोकालाच ठेवावा लागतो. डोळा लावून पाहायच्या झरोक्यासमोर नळी आडवी येते, म्हणून मागच्या पडद्यावरच पाहायचे. अंगचा फ्लॅश वापरला तर नळीची सावली चित्राच्या खालच्या कोपऱ्यात अर्धचंद्रासारखी पडते, तेव्हा फ्लॅश बंद आणि खिडकी उघडी. दाराच्या उभ्या कडा किंचित पोट काढल्यासारख्या वाकतात. आणि चौकटीच्या अगदी कडेला बसलेला माणूस आडवा ताणला जातो. तेव्हा तिथे सडपातळ मंडळी बसवावीत, भाऊबंदांत कोणाला कुठे बसवले यावरून रुसवे होऊ नयेत म्हणून कारण मात्र सांगू नये.

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी मी रंगीत तालीम घेतली. ट्रायपॉड भिंतीशी लावला, अक्काच्या खुर्चीवर उशी ठेवली आणि तिच्याकडे पाहून सगळे जमले का ते बघितले. खोली रिकामी होती. मग मान खाली घालून कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिले, तर डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात नात बसलेली. भिंगाचे झाकण घेऊन ते फरशीवर भिंगरीसारखे फिरवत होती. मी मान वर केली आणि पुन्हा खुर्चीकडे पाहिले. नात नव्हती. पडद्याकडे पाहिले. होती. चारपाच फुटांवर, मी पाय टाकणार होतो त्याच बाजूला.

मी तसाच उभा राहिलो. मग पडद्यावर तिच्याकडे पाहतच तिला हाक मारली. तिने वर पाहिले आणि पडद्यात ती हसली. पुष्कळ दिवसांनी मी तिला उचलून घेतले.

हे कसे घडले ते पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारले. कन्व्हर्टर खिशातच होता. त्यांनी तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, "ही तर उलटी दुर्बीण." गॅलिलिओने १६०९ साली आकाशाकडे रोखलेल्या दुर्बिणीत पुढे बहिर्वक्र आणि डोळ्याशी अंतर्वक्र भिंग होते, त्याने दूरचे मोठे दिसे. तीच रचना उलटी धरली की सगळे लहान होते आणि त्यामुळे अधिक मावते. आपल्या दाराला बसवलेले, बाहेर कोण आले ते पाहायचे भिंग याच तत्त्वावरचे. माझ्या कॅमेऱ्याने तर त्याहून पुढचे काम केले होते. खोलीचा सुमारे ६७ अंशांचा विस्तार त्याने तीन इंची पडद्यावर आणून ठेवला, आणि तो पडदा हातभरावरून माझ्या नजरेत फार तर बारा अंश व्यापतो. तेवढी नजर माझ्याकडे शिल्लक आहे.

कडा गेलेल्या रुग्णांसाठी अशा उलट्या दुर्बिणी खरोखर असतात. अल्पदृष्टी असलेल्यांसाठीच्या विभागात त्या वापरून पाहायला मिळतात. डॉक्टरांनी माझा कन्व्हर्टर डोळ्याशी धरायला सांगितला आणि तक्ता वाचायला लावला. भिंतीवरचे घड्याळ आणि दार एकदम दिसले, पण तक्त्यावरची शेवटची ओळ गेली. अधिक मावायचे तर लहान व्हावे लागते, आणि लहान झाले की तपशील जातो. शिवाय सगळे असते त्याहून दूर भासते, म्हणून ती डोळ्याला लावून चालणे धोक्याचे. उभे राहायचे, दार कुठे, जिना कुठे ते पाहून घ्यायचे, दुर्बीण खिशात टाकायची आणि मग चालायचे. चालताना उपयोगाची युक्ती त्यांनी वेगळीच शिकवली: दर दोनचार पावलांनी मान डावीकडून उजवीकडे आणि खाली फिरवायची, सवयीने, विचार न करता. मला ती अंगवळणी पडायला तीन महिने लागले. रस्त्यात लोकांना वाटते, हा गृहस्थ कोणाला तरी शोधतो आहे.

आपण घरात अशा माणसाची काळजी घेत असाल तर आमच्या घराने काय बदलले ते सांगतो. सामान जिथे आहे तिथेच राहते. खुर्ची हलवली तर हलवणारा मोठ्याने सांगतो. दारे पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद, अर्धवट उघडे दार कपाळाचा शत्रू. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी. बोळात रात्रभर दिवा. आणि सगळ्यांत मोठा बदल सौभाग्यवतींच्या वाक्यात झाला. "बघून चाला" गेले, आता त्या म्हणतात, "डाव्या हाताला स्टूल आहे."

मोठा नातू म्हणाला, "आजोबा, एवढी खटपट कशाला? माझ्या फोनमध्ये ०.५चं बटण आहे की." खरे आहे त्याचे. आजकालच्या अनेक फोनांत रुंद भिंग अंगचेच असते आणि अनोळखी खोलीत शिरताना उंबऱ्यावर उभे राहून त्यातून एकदा पाहून घेणे माझ्यासारख्यांना सोयीचे आहे. मी ते करतो. पण जी-९ची बटणे माझ्या बोटांना न पाहता सापडतात, आणि या वयात ही काही लहान गोष्ट नव्हे.

समारंभाचे छायाचित्र चांगले आले. मधोमध अक्का, तिच्या पायाशी नात, डाव्या टोकाला किंचित ताणलेला माझा पुतण्या. बटण नातवाने दाबले, म्हणून मीही चित्रात आहे. जेवणे झाल्यावर मी सगळ्यांना थांबवून वडिलांची गोष्ट सांगितली. काचबिंदू आईवडिलांना किंवा भावंडांना असेल तर आपल्याला होण्याची शक्यता वाढते, हे सांगितले; नुसता दाब मोजून भागत नाही, काहींना दाब ठीक असूनही तो होतो, म्हणून नस आणि फील्ड दोन्ही तपासायला हवे, हेही. अक्का म्हणाली, "सणासुदीला हे काय काढलंस!" तरी पुढच्या महिन्यात चौघे जण तपासून आले. तिघे मोकळे सुटले. माझ्या मुलीच्या उजव्या डोळ्याच्या नसेविषयी डॉक्टरांना शंका आहे. दर सहा महिन्यांनी तिला बोलावले आहे. तिला काहीच त्रास नाही. ती म्हणते, "मला तर सगळं स्वच्छ दिसतं, बाबा." मी एवढेच म्हणतो, मलाही दिसत होते.

आता रोज रात्री नऊला सौभाग्यवती घड्याळ घेऊन बसतात. पहिला थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. पाच मिनिटे थांबून दुसऱ्या बाटलीतला थेंब. बाटली उघडल्याची तारीख त्या तिच्यावर लिहून ठेवतात आणि महिना झाला की बदलतात. कन्व्हर्टर त्याच टेबलावर, नातीच्या जुन्या पायमोज्यात घालून ठेवलेला असतो. झाकण मात्र तिच्याकडे आहे. ते अजून भिंगरी म्हणून फिरते.